गेमचा सर्व्हर जरूर शिकवा. पण कोणाचा आणि कोणासाठी, हे आधी ठरवा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. नवी मुंबईत ऐरोलीला तुमचा कॉम्प्युटर क्लास आहे. मे महिन्याच्या बॅचला नववी ते बारावीची मुलं येतात आणि त्यांचा एकच धोशा असतो, ‘आमचा स्वतःचा गेम सर्व्हर कसा चालवायचा ते शिकवा.’ म्हणजे सगळे खेळाडू ज्याला जोडून एकत्र खेळतात तो प्रोग्राम. एकाने तर एका प्रसिद्ध ऑनलाइन गेमचा खासगी सर्व्हर अर्ध्या तासात उभा करायचा व्हिडिओच तुम्हाला दाखवला. दुसरीकडे एका पालकांनी विचारलं, की फी भरून मुलांना गेम खेळायला का पाठवायचं? तुम्हाला लिनक्सची तोंडओळख आहे. हे शिकवावं का, आणि नवख्या मुलांना ते झेपेल का, असा तुमचा पेच आहे.

शिकवा. झेपतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या डेटा सेंटरांत सर्व्हर सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींना शिकवण्यातही. शाळेतल्या मुलांना मशिन, नेटवर्क आणि माणसं या तिन्हींची ओळख एकदम करून देणारा गेमच्या सर्व्हरइतका चांगला विषय मला दुसरा सापडलेला नाही. पण ‘खासगी सर्व्हर’ म्हणून मुलं जे मागतात त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्याशिवाय पहिला तासही घेऊ नका.

पहिला प्रकार म्हणजे गेम बनवणाऱ्यानेच सर्व्हरचं सॉफ्टवेअर लोकांच्या हाती दिलेलं असतं. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर तो गेम बनवणारी मोजांग कंपनी स्वतःच्या संकेतस्थळावरून फुकट देते. टेरारिया, व्हॅलहाइम, फॅक्टोरिओ यांचंही तसंच. आपल्याकडे ठाण्यात, वाशीत सायबर कॅफेंचा जोर होता तेव्हा काउंटर-स्ट्राइक १.६ चे जे सामने रंगायचे, तेसुद्धा गेमसोबत मिळणाऱ्या सर्व्हरवरच, कॅफेतल्याच एका मशिनवर चालायचे. इथे सर्व्हर चालवायला परवानगी असते, अटी लिहिलेल्या असतात आणि त्या वाचता येतात.

दुसरा प्रकार त्या व्हिडिओतला. कंपनी आपला सर्व्हर कोणाला देत नाही, म्हणून बाहेरच्या प्रोग्रामरांनी गेम आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं अभ्यासून त्याची नक्कल लिहिलेली असते. ब्लिझार्ड कंपनीच्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेमसाठी मँगोस, ट्रिनिटीकोअर, अझेरोथकोअर असे प्रकल्प आहेत आणि त्यांचा कोड खुला आहे. तो लिहिणाऱ्यांच्या कौशल्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण सर्व्हरचा कोड खुला असला म्हणून गेम खुला होत नाही. नकाशे, पात्रं, संगीत आणि खेळाडूच्या मशिनवरचा प्रोग्राम, सगळं कंपनीचंच राहतं, आणि सर्व्हर चालवायला त्यातले नकाशे काढून घ्यावे लागतात.

याचे परिणाम कागदावरच राहिलेले नाहीत. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयाने स्केपगेमिंग नावाचा असा सर्व्हर चालवणारीला सुमारे ८.८ कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. तिने खेळाडूंना गेममधल्या वस्तू विकून पैसे कमावले होते. नॉस्टॅलरियस हा सर्व्हर जुन्या रूपातला तोच गेम फुकट चालवायचा आणि त्यावर लाखो खाती होती. ब्लिझार्डच्या वकिलांचं पत्र आल्यावर एप्रिल २०१६ मध्ये तोही बंद झाला. लोकांना जुना गेम हवा होता हे खरंच होतं, कारण २०१९ मध्ये ब्लिझार्डने स्वतःच जुनी आवृत्ती अधिकृतपणे सुरू केली. पण तेवढ्याने सर्व्हर चालवणाऱ्यांचं जे व्हायचं ते टळलं नाही. उलट उदाहरणही आहे. सिटी ऑफ हीरोज हा गेम २०१२ मध्ये बंद पडला, चाहत्यांनी तो जिवंत ठेवला आणि जानेवारी २०२४ मध्ये गेमची मालक कंपनी एनसीसॉफ्टने त्यांच्यातल्या होमकमिंग या गटाला रीतसर परवाना दिला. असा शेवट फार थोड्यांच्या वाट्याला येतो. पंधरा वर्षांच्या मुलाने त्या भरवशावर पाऊल टाकू नये.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एका प्रोग्रामची दुसऱ्या प्रोग्रामशी सांगड घालण्यापुरता अभ्यास करायला जागा ठेवलेली आहे. पण त्याच कायद्यात, प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. क्लासने फी घेऊन या वाटेवर मुलांना नेणं मला अजिबात मान्य नाही.

कायदा घडीभर बाजूला ठेवला तरी माझा या व्हिडिओंवर मोठा राग आहे, आणि तो शिकवणाऱ्या माणसाचा राग आहे. त्यात शिकवलं काहीच जात नाही. एक तयार ‘रिपॅक’, म्हणजे सगळं आधीच जुळवलेला सर्व्हरचा गठ्ठा, उतरवून घ्या, अँटिव्हायरस बंद करा, दोन फाइलींवर डबल क्लिक करा, राउटरमध्ये ३७२४ आणि ८०८५ हे पोर्ट (बाहेरून प्रोग्रामपर्यंत येण्याचे क्रमांकाचे दरवाजे) उघडा, झालं. त्या गठ्ठ्यात कोणी काय घातलंय, मुलाला माहीत नसतं. डेटाबेसचं युजरनेम आणि पासवर्ड प्रकल्पाच्या कागदपत्रांत छापलेलेच राहतात, बदलायचे असतात हे कोणी सांगत नाही. मग वर्गातली पंधरा मुलं त्यावर खाती उघडतात आणि पासवर्ड टाकतात तोच, जो त्यांच्या ईमेलला आहे. या प्रकल्पांच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये पासवर्ड एसएचए-१ या पद्धतीने साठवलेले असायचे. आज साधा गेमिंग पीसीसुद्धा त्यातले सोपे पासवर्ड चटकन शोधून काढतो. म्हणजे नक्की काय चालवतोय हे ज्याला ठाऊक नाही, असा मुलगा मित्रांच्या ईमेलच्या किल्ल्या खिशात घेऊन फिरत असतो.

त्या मुलाला मात्र झिडकारू नका. त्याची भूक खरी आहे. त्याला म्हणा, कोड वाच, डेटाबेसमध्ये एका पात्राची माहिती किती तक्त्यांत विभागलेली आहे ते कागदावर काढ. त्याहून बरं म्हणजे पायथॉनमध्ये सॉकेट (दोन प्रोग्रामांना नेटवर्कवरून जोडणारी सोय) वापरून दोघांना गप्पा मारता येतील एवढा छोटा सर्व्हर त्याला लिहायला लावा, मग त्यात तिसरा माणूस जोडायला सांगा. तिसरा आला की कोणाचा संदेश कोणाला पाठवायचा, एकजण अचानक निघून गेला तर काय करायचं, हे प्रश्न आपोआप समोर येतात. मोठ्या गेमच्या पोटातही हेच प्रश्न असतात.

आता पालकांचा प्रश्न. गेमच्या सर्व्हरमधून मुलं शिकतात काय?

आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्या पदवीधरांना पोर्ट म्हणजे काय याची व्याख्या पाठ असते. ‘या मशिनवर आत्ता कोणते पोर्ट उघडे आहेत आणि कोणत्या प्रोग्रामने ते उघडलेत, दाखव’ म्हटलं की बोटं थांबतात. त्यांच्यात हुशारी कमी असते असं नाही. कोणीतरी वाट बघतंय म्हणून एखादी गोष्ट चालू ठेवण्याची वेळच त्यांच्यावर कधी आलेली नसते. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत उभा केलेला वेब सर्व्हर तपासनीस बघतो आणि तो त्याच दिवशी पुसला जातो. गेमचा सर्व्हर बंद पडला की दोन मिनिटांत मित्राचा फोन येतो, ‘अरे, काय झालं?’ या प्रश्नाचं उत्तर शोधताना मुलगा लॉग, म्हणजे सर्व्हर स्वतःच लिहीत जातो ती नोंदवही, वाचायला शिकतो. लॉग वाचायला बसणारं पोर मला कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं.

‘लॅग होतोय’, म्हणजे गेम अडखळतोय, ही तक्रारच घ्या. खेळणाऱ्याला लॅग एकच दिसतो, चालवणाऱ्याला दोन वेगळी कारणं ओळखावी लागतात. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० वेळा आपल्या जगाचा हिशोब करतो, म्हणजे एका फेरीला त्याच्याकडे ५० मिलिसेकंद असतात. कोणी एका खोलीत शेकडो कोंबड्या पाळल्या, की प्रत्येक कोंबडी कुठे सरकते याचा हिशोब त्या ५० मिलिसेकंदांत मावत नाही. मग सगळ्यांचाच गेम जड होतो आणि सर्व्हर तसं लॉगमध्ये लिहूनही ठेवतो. दुसरं कारण अंतराचं. काचेच्या तंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंदांच्या आत काही होणारच नाही, आणि समुद्रातली केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. सर्व्हर सिंगापुरात भाड्याने घेतला तर ऐरोलीतल्या मुलाला तो महाप्यातल्या सर्व्हरपेक्षा मंदच वाटणार, मशिन कितीही भारी असो. नववीचं भौतिकशास्त्र आणि आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या डेटा सेंटरच्या इमारती यांचा संबंध एका तासात कळतो. समुद्राखालच्या केबली मुंबईच्या किनाऱ्यावर येतात, खाडीपलीकडे एमआयडीसीची जमीन आणि वीज मिळते, म्हणून रबाळे, महापे, तुर्भे, पनवेल या पट्ट्यात ही केंद्रं वाढली. मुलं ट्रान्स-हार्बर लोकलने त्यांच्यासमोरून रोज जातात. आत काय चालतं हे त्यांना कोणीतरी सांगायला हवंच.

तर सुरुवात कशाने करायची? माइनक्राफ्टने नको, असं माझं मत आहे, आणि कारण व्यवहारातलं आहे. त्याच्या सर्व्हरमध्ये प्रत्येक खेळाडूचं खातं खरं आहे का, हे तपासणारी ‘ऑनलाइन-मोड’ नावाची सेटिंग असते. ती चालू ठेवायची तर प्रत्येक मुलाने गेम विकत घेतलेला हवा. बॅचमध्ये दोघा-तिघांकडेच तो असतो, बाकीच्यांकडे कुठून तरी उतरवलेला. मग कोणीतरी म्हणतं, ‘ताई, ती सेटिंग बंद करा, सगळ्यांना येता येईल.’ येता येतं. पण सेटिंग बंद केली की सर्व्हर फक्त नाव बघतो. ॲडमिनचं नाव टाकून कोणीही आत आला तर त्याला ॲडमिनचे सगळे अधिकार मिळतात. शिवाय पहिल्याच दिवशी क्लासने चोरीच्या प्रतींना संमती दिल्यासारखं होतं.

त्याऐवजी लुआंटी घ्या. २०२४ पर्यंत याचं नाव माइनटेस्ट होतं. ठोकळ्यांचंच जग, पूर्ण मुक्त सॉफ्टवेअर, कोणत्याही कंपनीचं खातं लागत नाही, आणि तुमच्या क्लासमधल्या जुन्या मशिनवरही चालेल. यात गेम वेगळा उतरवावा लागतो, व्हॉक्सेलिब्रे हा माइनक्राफ्टच्या वळणाचा असल्यामुळे मुलांना लगेच रुचेल. मला लुआंटी आवडण्याचं मोठं कारण म्हणजे त्यातले अधिकार सुटे सुटे आहेत. जगात काही बदलण्याचा अधिकार वेगळा, बोलण्याचा वेगळा, उडण्याचा वेगळा, कोणाला बाहेर काढण्याचा वेगळा, आणि दुसऱ्याला अधिकार देण्याचा आणखी वेगळा. कोणाला काय लागतं तेवढंच द्यायचं, ही आमच्या धंद्यातली पहिली शिस्त. मुलांना ती इथे खेळता खेळता लागते. बॅचमध्ये कोणाला बाहेर काढण्याचा अधिकार कोणाकडे असावा यावर त्यांना भांडू द्या. ते भांडण उपयोगाचं आहे.

पहिले काही आठवडे सर्व्हर क्लासच्या लॅनबाहेर, म्हणजे आतल्या नेटवर्कबाहेर, जाऊ देऊ नका. एका जुन्या लॅपटॉपवर डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सची सर्व्हर आवृत्ती टाका, खिडक्या-चित्रांशिवायची. मुलांना दुसऱ्या मशिनवरून एसएसएचने (दुरून सुरक्षितपणे आदेश देण्याच्या सोयीने) आत जाऊ द्या, आणि पासवर्डऐवजी की, म्हणजे गुप्त किल्लीची फाइल, वापरायची सवय पहिल्या दिवसापासूनच लावा. सर्व्हर आधी हाताने सुरू करायचा. टर्मिनलची खिडकी बंद केली की तो मरतो, हे सगळ्यांनी बघायचं. मग तो सिस्टमडी या लिनक्समधल्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या हवाली करायचा, म्हणजे मशिन पुन्हा चालू झालं की आपोआप उठेल. एवढ्या क्रमातून ‘प्रोसेस’ आणि ‘सर्व्हिस’ यांतला फरक जसा कळतो तसा फळ्यावर कितीही आकृत्या काढून कळत नाही. सर्व्हरसाठी वेगळा, कमी अधिकारांचा युजर बनवायचा; रूटने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरने, काही चालवायचं नाही.

लॅपटॉप सुचवतोय त्याला आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात महावितरणची लाइट गेली की बॅटरीमुळे तो टिकतो. डेस्कटॉप धाडकन बंद होतो आणि अर्धवट लिहिलेली फाइल बिघडते. पण लॅपटॉप चालू राहिला तरी राउटर बंद पडतो. राउटरला छोटा यूपीएस लावला तरी सोसायटीच्या जिन्यातला केबलवाल्याचा डबा बंद असतो. मुलांना ही साखळी त्यांच्याच इमारतीत फिरवून दाखवा. आम्ही मोठ्या केंद्रांत दोन वेगवेगळ्या बाजूंनी वीज आणि दोन वेगळ्या वाटांनी फायबर का आणतो, ते मग वेगळं समजवावं लागत नाही.

बॅकअपवर मात्र रेंगाळा. एक तास नको, दोन-तीन द्या. जग म्हणजे शेवटी डिस्कवरचं एक फोल्डर आहे. सर्व्हर त्यात लिहीत असतानाच त्याची प्रत काढली तर ती प्रत फसवी निघू शकते, म्हणून आधी सर्व्हर थांबवायचा किंवा लिहिणं थांबवायला सांगायचं, मग प्रत घ्यायची. रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी काम करणाऱ्या प्रोग्रामने) ती आपोआप निघेल अशी सोय करायची आणि एक प्रत दुसऱ्या मशिनवर न्यायची. आणि मग, मुलांनी दोन आठवडे खपून किल्ले-बिल्ले बांधून झाले की, त्यांच्यादेखत ते फोल्डर काढून टाका. आधी बॅकअपमधून एका कोऱ्या मशिनवर जग परत उभं राहतंय याची स्वतः खात्री करून घ्या, मगच. परत आणण्याचं काम त्यांना करू द्या. ज्या बॅकअपमधून कधी काही परत आणलेलं नाही, त्याला आमच्याकडे बॅकअप म्हणत नाहीत. एका दुपारी पोरांच्या पोटात गोळा येईल आणि पुढच्या वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना त्याचा उपयोग होईल.

यानंतर प्रश्न येतो सर्व्हर बाहेर उघडण्याचा. घरचा गणपती आणि सार्वजनिक मंडळ यांत जो फरक, तोच इथे. घरी आपण आणि आपली ओळखीची माणसं. मंडळ म्हटलं की परवानग्या, वर्गणीचा हिशोब, गर्दीत कोणाला काही झालं तर जबाबदारी, सगळं मागोमाग येतं. नवख्यांच्या बॅचने घरचाच ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. ज्यांची नावं तुम्हाला माहीत आहेत अशी दहा-पंधरा मुलं, बस.

एक अडचण तुम्हाला पहिल्याच दिवशी येईल. मुलं घरी जाऊन राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करतील, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला सर्व्हरकडे वाट करून देतील, आणि मित्राला तरीही आत येता येणार नाही. बऱ्याच घरगुती जोडण्यांना आता स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता, मिळत नाही. कंपनी एकच आयपी कित्येक घरांत वाटते. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसला तर ओळखायचं की आपण या वाटणीत आहोत, पोर्ट उघडून उपयोग नाही. स्थिर आयपी मागितला तर बहुतेक ठिकाणी जादा पैसे पडतात. हा अडथळा मला मुलांच्या दृष्टीने चांगलाच वाटतो. त्यांनी तो ओळखावा, समजून घ्यावा, आणि बाहेरून जोडायचंच असेल तर वायरगार्डसारख्या व्हीपीएनने (इंटरनेटवरून काढलेल्या खासगी वाटेने) ठरावीक मित्रांपुरतंच जोडावं. त्यासाठी एका बाजूला तरी पब्लिक पत्ता लागतो, आणि तो तुम्ही क्लासच्या जोडणीवर घेऊ शकता. त्या वाटेने सर्व्हर जगाला दिसतच नाही.

जगाला दिसला तर काय होतं, हे मुलांना घाबरवण्यासाठी नको, पण खरं सांगायला हवं. नव्या पब्लिक पत्त्यावर एसएसएच उघडा ठेवा आणि लॉग बघत बसा. थोड्याच वेळात कुठकुठून पासवर्ड आजमावणं सुरू होतं. कोणी तुमच्या मुलांच्या मागे लागलेलं नसतं, सगळ्या पत्त्यांवर हे यंत्राने चालू असतं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावाच्या लायब्ररीत जी भयंकर खोट उघड झाली, ती जगाच्या नजरेत आधी आली माइनक्राफ्टच्या सर्व्हरांमुळेच. चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाइप केली की सर्व्हर ती लॉगमध्ये लिहायला जायचा आणि लिहिता लिहिता हल्लेखोराचा कोड चालवायचा. ज्यांनी त्याच आठवड्यात अपडेट केलं ते वाचले. अपडेट वेळेवर का करायचं, याचं याहून नेमकं उदाहरण नाही.

आणि मिराय. २०१६ मध्ये कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले सीसीटीव्ही कॅमेरे आणि राउटर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी हल्ले करणारा हा प्रोग्राम. तो लिहिणारे तिघे अमेरिकी तरुण होते आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. त्याची मुळं माइनक्राफ्ट सर्व्हरांच्या स्पर्धेत होती: दुसऱ्याचा सर्व्हर पाडायचा, म्हणजे त्याचे खेळाडू आपल्याकडे येतात, आणि पडणाऱ्याला वर संरक्षण विकता येतं. ही गोष्ट तुमच्या बॅचला पूर्ण सांगा. कारण ‘त्याचा सर्व्हर पाडून दाखवू का?’ हे वाक्य सोळा वर्षांच्या मुलाच्या तोंडून मी ऐकलंय, आणि त्याला ती गंमत वाटत होती. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुसऱ्याच्या मशिनची सेवा बंद पाडणं हा गुन्हा आहे, भाड्याने मिळणाऱ्या संकेतस्थळावरून पाडली तरीही. पण कायद्याआधी त्याला हे कळावं, की पलीकडेही त्याच्याच वयाचा एकजण बसलाय, ज्याने तो सर्व्हर महिनाभर जागून उभा केलाय.

यंत्राचं एवढं झालं. माझ्या मते नवख्यांना खरं अवघड जातं ते माणसांचं. ॲडमिनला सगळी चॅट दिसते, कोण किती वाजता आला-गेला ते दिसतं, आयपी दिसतो. त्याला कोणालाही हाकलता येतं. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात ही सत्ता मित्रांवर येते, तीही अशा मित्रांवर ज्यांच्याशी आज दुपारी क्रिकेटवरून वाजलंय. नियम आधी लिहून घ्या, मराठीत, एका पानावर, मुलांकडूनच: शिवीगाळ केली तर काय, दुसऱ्याचं बांधकाम पाडलं तर काय, हाकललेल्याने दाद कोणाकडे मागायची. दोन ॲडमिन ठेवा आणि त्यातली एक मुलगी असू द्या. मुलींना चॅटमध्ये काय काय ऐकावं लागतं हे मुलांना दिसतच नाही. दुसऱ्याचे लॉग गंमत म्हणून वाचायचे नाहीत, त्यांचे स्क्रीनशॉट फिरवायचे नाहीत, हे स्पष्ट सांगा.

बाहेरची लहान मुलं येणार असतील तर मामला आणखी गंभीर होतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. घरगुती वापराला त्यातून सूट आहे. फी घेणारा क्लास घरगुती नाही. म्हणून खऱ्या नावाऐवजी टोपणनाव, ईमेल-फोन काहीच न मागणं, लॉग ठरावीक दिवसांनी पुसणं, आणि बॅचच्या फॉर्मवर पालकांची सही. पालकांना एक दिवस क्लासमध्ये बोलवा. पडद्यावर काळं टर्मिनल आणि त्यात आदेश टाइप करणारं आपलं पोर बघितलं, की ‘गेम खेळायला पाठवतोय का’ हा प्रश्न निम्मा तरी मिटतो.

पैसा आत येऊ देऊ नका. कोणीतरी म्हणेलच, यूपीआयचा क्यूआर लावू, पन्नास रुपयांत व्हीआयपी तलवार देऊ. माइनक्राफ्टच्या अटींमध्ये खेळात वरचढ ठरवणाऱ्या वस्तू विकायला मनाई आहे. प्रवेश फी घेऊन रोख बक्षिसांचे सामने भरवायची कल्पनाही निघेल. २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केलाय, आणि खेळ कौशल्याचा की नशिबाचा हे तो बघत नाही. शाळकरी मुलांनी या कुंपणाच्या आसपासही जायचं कारण नाही. बक्षीस द्यायचंच तर तुम्ही पुस्तक द्या.

बॅचच्या अखेरीला परीक्षा म्हणून लेखी पेपर घेऊ नका. प्रत्येक गटाने आपला सर्व्हर कसा सुरू करायचा, थांबवायचा, परत कसा आणायचा हे मराठीत लिहून द्यायचं, आणि दुसऱ्या गटाने फक्त तो कागद समोर ठेवून तो चालवायचा. लिहिणाऱ्यांनी तोंड उघडायचं नाही. कागदात काय राहून गेलंय ते दहा मिनिटांत कळतं. आमच्याकडे रात्रपाळीला एकटा असलेल्या माणसाला याच कागदाचा आधार असतो, आणि चांगलं लिहिणारी माणसं आम्हाला खरोखर कमी पडतात.

एक तास सर्व्हर बंद कसा करायचा यासाठीही राखा, कारण हा भाग कुठल्याच व्हिडिओत नसतो. जूनमध्ये शाळा सुरू होतील, दहावी-बारावीची मुलं पांगतील आणि कोपऱ्यातलं मशिन कोणी न बघता चालू राहील. अपडेट थांबलेलं, पोर्ट उघडं असलेलं आणि मालक विसरून गेलेला असं मशिन सगळ्यात धोक्याचं. म्हणून बंद करायची तारीख बॅचच्या पहिल्याच दिवशी जाहीर करा. त्या दिवसाच्या आठवडाभर आधी सर्व्हरवर सूचना लावा, ज्याला जगाची प्रत हवी त्याला द्या, पण खात्यांची आणि पासवर्डची फाइल वगळून. मग ती फाइल पुसा, मुलांच्या एसएसएच की काढा, व्हीपीएन बंद करा, आणि राउटरमध्ये काही नियम घातला असेल तर तो काढून बाहेरच्या जोडणीवरून एकदा तपासा. पुढच्या मे महिन्यात नव्या बॅचने कोऱ्या मशिनपासून सुरुवात करायची. जुन्यांपैकी कोणाला शिकवायला यायचं असेल तर त्याला जरूर बोलवा.